आई रडली की नाही, हा पुरावा नव्हे

लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात जुलै २०२५ मध्ये कॉन्स्टन्स मार्टन आणि मार्क गॉर्डन हे जोडपं आपल्या तान्ह्या मुलीच्या मृत्यूबद्दल दोषी ठरलं. घोर निष्काळजीपणातून झालेला मनुष्यवध, असा तो गुन्हा. सप्टेंबरमध्ये दोघांना चौदा-चौदा वर्षांची शिक्षा झाली. अडीच वर्षं हे प्रकरण ब्रिटनमध्ये चघळलं गेलं, आणि सगळा वाद एकाच साच्यात अडकून राहिला. एक बाजू म्हणे, ही बड्या घरची वाया गेलेली मुलगी, हिला आईचं काळीजच नाही. दुसरी म्हणे, सरकारने हिची आधीची चारही मुलं काढून नेली, मग बिचारी पळणार नाही तर काय करणार? एकीला ती राक्षसीण हवी होती, दुसरीला बळी. प्रश्न मात्र दोघींचा एकच होता, ही आई कशी होती? माझ्या मते घोळ या प्रश्नातच आहे. गुन्हा घडला का आणि कोणी केला, हे पुराव्यावर ठरतं आणि ते ठरवायला न्यायालय बसलेलं आहे. समाजाचं काम निराळं आहे. ते मूल त्या संकटात एकटं कसं पडलं, त्याच्यापर्यंत पोचणारी वाट नेमकी कुठे तुटली, हे त्याने शोधायचं असतं. आपण न्यायालयाचं काम मोठ्या हिरिरीने अंगावर घेतो, ते वाईट करतो, आणि आपलं काम तसंच पडून राहतं.

घटना थोडक्यात सांगायला हवी. ५ जानेवारी २०२३ च्या रात्री बोल्टनजवळ एम-६१ महामार्गाच्या कडेला एक गाडी पेटलेली सापडली. त्या गाडीत बाळंतिणीची वार मिळाली, तेव्हा पोलिसांना कळलं की कुणा बाईचं नुकतंच बाळंतपण झालंय आणि कुठल्याही दवाखान्यात त्याची नोंद नाही. आई-बाप बाळाला घेऊन टॅक्सीने एका शहरातून दुसऱ्या शहरात जात राहिले आणि शेवटी साउथ डाउन्सच्या टेकड्यांमध्ये, ऐन हिवाळ्यात, तंबू ठोकून राहिले. फेब्रुवारीच्या अखेरीस ब्रायटनमध्ये ते पकडले गेले तेव्हा बाळ त्यांच्यासोबत नव्हतं. पुढे दोन दिवसांनी एका वापरात नसलेल्या शेडमध्ये, दुकानाच्या पिशवीत, कचऱ्याखाली त्या बाळाचा, व्हिक्टोरियाचा, देह सापडला. शवविच्छेदनातून मृत्यूचं नेमकं कारण ठरवता आलं नाही. आई म्हणाली, बाळ जॅकेटच्या आत छातीशी होतं आणि मला झोप लागली. सरकारी पक्ष म्हणाला, बाळ थंडीने गारठून गेलं असो की गुदमरून, धोका या दोघांना स्वच्छ दिसत होता. २०२४ च्या पहिल्या खटल्यात ज्युरीने जन्म लपवल्याचा आणि इतर काही आरोप मान्य केले, मनुष्यवधाबाबत तिचा निर्णय होऊ शकला नाही. तो दुसऱ्या खटल्यात झाला. या निकालावर मला शंका घ्यायची नाही. माझी तक्रार आहे ती निकालाभोवती चाललेल्या बोलण्याबद्दल.

माझ्या म्हणण्याविरुद्ध जे बोललं जाईल त्यातलं बरंचसं खरं आहे. तान्हं मूल तक्रार करत नाही. जे घडतं ते चार भिंतींच्या आत घडतं आणि बहुधा साक्षीदार तेच असतात ज्यांच्यावर संशय आहे. 'आई-बाप पोटच्या गोळ्याला कसं मारतील?' या श्रद्धेच्या आड पिढ्यानपिढ्या मुलं मार खात आली. १९६२ साली डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या मुलांवर लेख लिहिला, तेव्हा कुठे डॉक्टरांनी क्ष-किरण चित्रांतली जुनी, आपोआप सांधलेली हाडं पाहून 'हे पडून झालेलं नाही' असं म्हणायचं धाडस केलं. हाडं त्याआधीही दिसतच होती. दिसत असलेलं मानायची तयारी नव्हती. लोकांच्या संतापाचाही उपयोग झालेला आहे. लंडनमध्ये २००० साली आठ वर्षांची व्हिक्टोरिया क्लिंबी हाल होऊन मेली. लोक खवळले, लॉर्ड लेमिंग यांची चौकशी बसली आणि त्यातून पुढे २००४ चा बालकायदा आला. मार्टन-गॉर्डन जोडपंही एका सामान्य नागरिकाने ओळखून कळवलं म्हणूनच सापडलं. तेव्हा लोकांनी गप्प बसावं, हे प्रकरण खासगी आहे, असं माझं अजिबात म्हणणं नाही.

पण क्लिंबी प्रकरणातला संताप कशामुळे कामी आला, हे नीट पाहावं. मारणारी नातेवाईक बाई आणि तिचा साथीदार तुरुंगात गेले, तेवढ्यावर चौकशी थांबली नाही. ही मुलगी कुठल्या दवाखान्यात नेली गेली होती, कुठल्या समाजसेवकाच्या टेबलावर तिची फाइल पडून होती, पोलिसांना काय ठाऊक होतं, कोणी कोणाला कळवलं नाही, हे तिथे एकेक करून विचारलं गेलं. राग माणसाच्या चारित्र्यावरून हटून व्यवस्थेतल्या भगदाडांकडे वळला तेव्हाच त्यातून काही उभं राहिलं. जिथे तो वळत नाही, तिथे काय होतं?

१७ ऑगस्ट १९८०. ऑस्ट्रेलियाच्या मध्यावर, उलुरू नावाच्या प्रचंड लाल खडकाजवळ पर्यटकांचा तळ पडलेला. मायकेल आणि लिंडी चेंबरलेन यांची नऊ आठवड्यांची अझारिया तंबूत झोपली होती. अंधार पडल्यावर लिंडी ओरडत धावली, डिंगोने, म्हणजे तिथल्या रानकुत्र्याने, बाळ उचलून नेलं. पहिल्या चौकशीत कॉरोनरने, म्हणजे मृत्यूचं कारण ठरवणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्याने, तिचं म्हणणं खरं मानलं आणि फेब्रुवारी १९८१ मध्ये आपला निष्कर्ष चक्क टीव्हीवरून थेट वाचून दाखवला. तोवर देशाने मात्र मनोमन उलटा निकाल देऊन टाकला होता. कशाच्या जोरावर? बाई कॅमेऱ्यासमोर रडली नाही. नीटनेटके कपडे घालून कोर्टात आली. बाळाला कधीतरी काळा फ्रॉक घातला होता म्हणे. नवरा-बायको सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट, म्हणजे बहुसंख्य लोकांना अनोळखी अशा पंथाचे. मग मुलीच्या नावाचा अर्थ 'अरण्यातला बळी' असा होतो ही निखालस खोटी आवई उठली आणि घरोघर पोचली.

चौकशी पुन्हा उघडली गेली. १९८२ मध्ये डार्विन शहरात खटला उभा राहिला. त्यांच्या गाडीत अर्भकाचं रक्त सापडल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं, आणि ज्युरीने लिंडीला खुनासाठी दोषी धरलं. तिला जन्मठेप झाली, नवऱ्याला गुन्हा लपवायला मदत केल्याबद्दल निलंबित शिक्षा. ती तेव्हा गरोदर होती. कैदेत तिला मुलगी झाली, तीही लगेच तिच्याजवळून नेली गेली. तिचं अपील देशाच्या सर्वोच्च न्यायालयात तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळलं गेलं. मग फेब्रुवारी १९८६ मध्ये, उलुरूवरून पडून मेलेल्या एका पर्यटकाचा शोध घेताना, डिंगोंचा वावर असलेल्या भागात बाळाचं छोटं जॅकेट सापडलं. लिंडी पहिल्यापासून सांगत होती की अझारियाच्या अंगात हे जॅकेट होतं. सरकारी पक्ष ते मानायला तयार नव्हता. काही दिवसांतच तिची सुटका झाली. नंतरच्या चौकशी आयोगापुढे उघड झालं की ज्याला अर्भकाचं रक्त म्हटलं गेलं त्यातला एक महत्त्वाचा डाग म्हणजे गाडी तयार करताना आवाज दबावा म्हणून फवारलेलं रसायन होतं. १९८८ मध्ये दोघांवरचा दोष पुसला गेला. मृत्यूच्या नोंदीत कारण म्हणून डिंगो लिहिला जायला २०१२ साल उजाडलं. बत्तीस वर्षं.

या प्रकरणातली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचते. त्या रात्री उलुरूच्या मूळ रहिवाशांपैकी माग काढणाऱ्या जाणत्यांनी वाळूत डिंगोचे ठसे पाहिले होते. काहीतरी ओझं तोंडात धरून गेलेलं जनावर, मध्ये ते ओझं टेकवल्याची खूण, हे सगळं त्यांना वाचता येत होतं. खटल्यात त्यांचं हे ज्ञान कोणी पुढे आणलंच नाही. अख्खा देश एका बाईचा चेहरा वाचत बसला होता, आणि खरोखर वाचता येण्यासारखं जे होतं ते वाळूत होतं.

'पोर गेलं आणि डोळ्यांत टिपूस नाही' हे वाक्य आपल्याला परकं आहे का? आणि गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की आपल्याच घरातल्या म्हाताऱ्या बायकांना यातलं खरं ठाऊक असतं. मूल गेलेली बाई दगडासारखी बसून राहिली की त्या घाबरतात. तिला हलवतात, नाव घेऊन हाका मारतात, 'रड गं बाई, एकदा मोकळी हो' म्हणून विनवतात. न रडणं हे अपार दुःखाचं लक्षण असू शकतं, हे शहाणपण आपल्या माजघरांत केव्हापासून आहे. मग त्याच घरात टीव्हीवर एखादी आरोपी आई दिसली की ते कुठे जातं? ती रडली असती तरी तिची सुटका नव्हतीच म्हणा. रडली तर नाटकी, नाही रडली तर निर्दय. जे वागणं दोन्ही बाजूंनी एकाच निष्कर्षाला नेतं, ते वागणं पुरावा म्हणून कवडीच्या मोलाचं आहे.

कोणी म्हणेल, लोक चेहऱ्यावर जातात म्हणूनच विज्ञानावर विसंबावं. विसंबावंच, फक्त विज्ञानालाही हा रोग लागू शकतो. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क या वकील बाईंचे दोन मुलगे, एक १९९६ मध्ये आणि दुसरा १९९८ मध्ये, अवघ्या काही आठवड्यांचे असताना दगावले. १९९९ च्या खटल्यात बालरोगतज्ज्ञ सर रॉय मेडो यांनी सांगितलं की अशा कुटुंबात दोन मुलं अचानक, अकारण दगावण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक. हा आकडा कसा काढला? एका मुलासाठी ८,५४३ त एक अशी शक्यता धरली आणि तिला तिनेच गुणलं. पण ही दोन मुलं एकाच आई-बापांची होती, रक्त एक, घर एक. एकाला जे घातक ठरलं ते दुसऱ्यालाही ठरू शकतं, मग हा गुणाकार चालेल कसा? आणि त्याहून मोठी चूक लोकांच्या कानांनी केली: त्यांनी तो आकडा 'ही निर्दोष असण्याची शक्यता' असा ऐकला. दोन मुलं नैसर्गिकरीत्या दगावणं दुर्मीळ आहे, हे खरंच. तसं सख्ख्या आईने दोन तान्ही मुलं एकामागून एक मारणंही अतिदुर्मीळच आहे. दोन्ही दुर्मीळ गोष्टी शेजारी ठेवून त्यांतली कोणती अधिक संभवते हे पाहायला हवं होतं, आणि ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये जाहीरपणे या चुकीवर बोट ठेवलं. दुसऱ्या मुलाच्या जंतुसंसर्गाचे अहवाल शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरने पुढे आणलेच नव्हते, हेही उघड झालं. २००३ मध्ये सॅली सुटल्या. २००७ मध्ये त्या वारल्या; त्या धक्क्यातून त्या सावरल्याच नाहीत.

तो आकडा एवढ्या सहज गळी का उतरला? कारण 'नोकरीत गुंतलेली, दारू पिणारी बाई' असं चित्र आधीच रंगवलेलं होतं. बिनबुडाच्या गणिताला चारित्र्याच्या चित्राने टेकू दिला. ऑस्ट्रेलियात कॅथलीन फोलबिग यांच्याबाबत हाच टेकू त्यांच्या डायरीने पुरवला. चार मुलं १९८९ ते १९९९ या दहा वर्षांत एकेक करून गेली. डायरीत त्या बाईने स्वतःला दोष दिला होता, चिडचिड लिहिली होती, आपण चांगली आई नाही असं लिहिलं होतं. २००३ च्या खटल्यात हे लिखाण कबुलीजबाबासारखं वाचलं गेलं. खरं म्हणजे मूल गमावलेल्या कुठल्या आईने असं लिहिलं नसतं? आपल्याकडे तर मूल पलंगावरून पडलं तरी पहिला प्रश्न 'तुझं लक्ष कुठे होतं?' हाच येतो, आणि बाई तो स्वतःलाच आयुष्यभर विचारत राहते. फोलबिग वीस वर्षं तुरुंगात राहिल्या. त्यांच्या दोन्ही मुलींमध्ये हृदयाचे ठोके अचानक बिघडवू शकणारा जनुकीय बदल शास्त्रज्ञांना सापडला, डायरीकडेही शोकात बुडालेल्या आईचं लिखाण म्हणून पाहिलं गेलं, जून २०२३ मध्ये त्यांना माफी मिळाली आणि डिसेंबरमध्ये दोष रद्द झाला.

आता सगळ्यात धारदार आक्षेप येतो. या सगळ्या बायका निर्दोष होत्या. मार्टन आणि गॉर्डन यांचा गुन्हा सिद्ध झालाय. मग निरपराधांची उदाहरणं अपराध्यांच्या बचावाला का आणता? आक्षेप वजनदार आहे, म्हणून नेमकं उत्तर देणं भाग आहे. लिंडीला १९८२ मध्ये शिव्या देणाऱ्यांची खात्री आणि मार्टनला २०२३ मध्ये शिव्या देणाऱ्यांची खात्री अगदी एकसारखी होती. दोघांनाही पुरावा ठाऊक नव्हता, दोघांनीही तोच मार्ग धरला होता: बाईचं घराणं, तिचा पुरुष, तिचा पेहराव, तिचा चेहरा. एका वेळी त्या मार्गाने खोटं हाती लागलं, दुसऱ्या वेळी योगायोगाने निकालाशी जुळलं. जुळलं म्हणून मार्ग बरोबर ठरत नाही. मार्टनविरुद्धचा पुरावा होता तो थंडीचा, अपुऱ्या कपड्यांचा, सीसीटीव्हीच्या चित्रणाचा, पिशवीत सापडलेल्या देहाचा. तिचे वडील लहानपणी राणीच्या दरबारी सेवेत होते, या माहितीचा व्हिक्टोरियाच्या मृत्यूशी काडीचाही संबंध नव्हता. तरी रकानेच्या रकाने त्याच माहितीने भरले.

आपण भारतीय या बाबतीत फार पुढारलेले आहोत असं नाही. २००८ च्या नोएडातल्या आरुषी तलवार प्रकरणात मुलगी तान्ही नव्हती, तेरा वर्षांची होती. पण पोलिसांनी पत्रकार परिषद घेऊन मेलेल्या मुलीच्या आणि तिच्या बापाच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले आणि वाहिन्यांनी महिनोन् महिने त्यावर पोट भरलं. आई-बापांना २०१३ मध्ये जन्मठेप झाली. २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने दोघांची निर्दोष मुक्तता केली. तिथेही आईच्या डोळ्यांतलं पाणी मोजणारे कमी नव्हते. आणि दुसरं टोक पाहा. २०११ मध्ये नॉर्वेच्या बालकल्याण खात्याने एका भारतीय जोडप्याची दोन मुलं ताब्यात घेतली तेव्हा आपण सगळे, काहीही चौकशी न करता, आई-बापांच्या बाजूने उभे राहिलो. परदेशी सरकारने मूल नेलं की आई देवता, आणि इथे कुणा परक्या बाईवर आरोप आला की तीच कैदाशीण. दोन्ही वेळा मूल कुठे होतं?

यापेक्षा वेगळं बोलता येतं, याचा पुरावा आपल्याच पुण्यात आहे. काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा जोतीराव फुल्यांचे मित्र गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्याने तिला फसवलं, दिवस राहिले. गर्भ पाडण्याचे उपाय फसले. मूल जन्मल्यावर तिने ते सुरीने मारलं आणि आवारातल्या विहिरीत टाकलं. खटला झाला आणि तिची रवानगी अंदमानला झाली. या प्रकरणात पुराव्याचा वाद नव्हता. मूल तिनेच मारलं होतं. काशीबाई चांगली की वाईट यावर जोतीरावांना पाहिजे तेवढं लिहिता आलं असतं. त्यांनी १८६३ मध्ये आपल्याच आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, विधवांनी इथे येऊन गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं की ठेवायचं हे त्यांनी ठरवावं अशा जाहिराती लावल्या, आणि सावित्रीबाईंनी त्या बायकांची बाळंतपणं सांभाळली. त्यांनी दत्तक घेतलेला यशवंत हाही एका ब्राह्मण विधवेचाच मुलगा. पुढे १८७५ मध्ये पंढरपुरातही असं गृह निघालं, कारण तीर्थक्षेत्राच्या गर्दीत टाकलेली पोरं नवी नव्हती.

आणि सुरतेची विजयालक्ष्मी. तीही ब्राह्मण विधवा, तिच्यावरही आपलं नवजात मूल मारल्याचा आरोप, १८८१ साली तिला फाशीची शिक्षा सुनावली गेली, जी पुढे कमी झाली. तेव्हाच्या पत्रांनी काय केलं? 'पुणेवैभव'सारख्या पत्रांनी एकूण स्त्रीजातीच्या घसरलेल्या नीतीवर कोरडे ओढले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे संतापून उठल्या आणि १८८२ मध्ये 'स्त्री पुरुष तुलना' छापून आली. एका बाईच्या गुन्ह्यावरून सगळ्या बायकांना बोल लावणाऱ्यांना त्यांनी उलट विचारलं: तिला त्या अवस्थेला आणणारा पुरुष कुठे आहे? पुनर्विवाहाची बंदी कोणी घातली? ज्या दोषांचं खापर तुम्ही बायकांवर फोडता ते पुरुषांत नाहीत का? त्यांच्यावर टीका झाली तेव्हा जोतीराव 'सत्सार' या आपल्या पुस्तिकेतून त्यांच्या पाठीशी उभे राहिले. मूल मारणं योग्य होतं, असं या दोघांपैकी कोणीही म्हटलेलं नाही. त्यांनी प्रश्नाचं तोंड फिरवलं, एवढंच. आणि तेवढंच करायला त्या काळात छातीचा कोट लागत होता.

यावर म्हणतील, असं कारणांच्या मागे लागलं की कुणीच जबाबदार उरत नाही. मला हे पटत नाही. जबाबदारी ही वाटून कमी होणारी जिन्नस नाही. काशीबाई जबाबदार होती, शास्त्री जबाबदार होता, आणि विधवेला दुसरी वाटच न ठेवणारा समाजही जबाबदार होता. पैकी शिक्षा एकटीलाच झाली. मार्टन प्रकरणातही तसंच आहे. दोघांनी पोलिसांना टाळलं, मदत झिडकारली, मुलीला थंडीत ठेवलं. त्याची शिक्षा त्यांना मिळाली आणि ती रास्त आहे. पण आधीची चार मुलं काढून घेतल्यावर या बाईला पाचव्यांदा दिवस जातील, आणि या वेळी ती गर्भारपण लपवेल, ही शक्यता कोणाच्या ध्यानात आली होती? इंग्लंडच्या कौटुंबिक न्यायालयांत एकदा मूल गमावलेल्या आया पुन्हा दुसऱ्या मुलासाठी उभ्या राहतात, ही तिथली जुनी, नोंदलेली गोष्ट आहे. मूल हलवलं की यंत्रणेचं काम संपतं. मागे राहिलेली आई कोणाच्याच यादीत नसते. बाळाला वाचवण्यासाठी मुलं काढून घेणं योग्यच असेल, मी ते नाकारत नाही. मात्र त्याच भीतीने पुढची बाई दवाखान्यातच जाणार नसेल, तर पुढच्या बाळाची वाट आपण कशी राखणार? अडीच वर्षांच्या गोंगाटात हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. गॉर्डनवर अमेरिकेत किशोरवयातच बलात्काराचा गुन्हा सिद्ध झाला होता. अशा माणसासोबत राहणाऱ्या बाईशी घराबाहेरचं कोण, कसं बोलू शकलं असतं, याचीही चर्चा 'तिने असा पुरुष निवडलाच कसा' या चवीच्या वाक्यापलीकडे फारशी गेली नाही.

फुल्यांच्या गृहाचं यश मोठं होतं असं सांगून मी माझी बाजू सजवणार नाही. १८८४ मध्ये त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की तोवर पस्तीस विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या आणि त्यांची पाच मुलं जगली. तीस दगावली, कारण आयांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांनी त्यांना पोटातच इजा केली होती. 'पाहा, काय उपयोग झाला' असं कोणी म्हणू शकेल. मला त्या आकड्यांत दुसरंच दिसतं. दार उघडं होतं, पण लाज आणि भीती इतकी होती की बाई आधी विषाकडे गेली आणि दाराशी शेवटी आली. दार बांधणं एक, ते आहे हे सांगणं आणि तिथे येण्याची लाज कमी करणं दुसरं. यातलं दुसरं काम सरकारने करायचं नाही, आपण करायचं आहे, आणि ते आपण रोज बोलतो त्या भाषेतून होतं किंवा बिघडतं.

आज कायद्याने दार आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ३५ खाली, ज्यांना मूल सांभाळणं शक्य नाही असे आई-बाप ते बाल कल्याण समितीकडे सोपवू शकतात, आणि निर्णय बदलायला त्यांना साठ दिवस मिळतात. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. हे किती गावांतल्या किती पोरींना माहीत आहे? उकिरड्यावर, एसटीच्या स्टँडवर, शेताच्या बांधावर अर्भक सापडल्याची बातमी आपल्या वर्तमानपत्रांत नेहमी येते. मथळ्यात 'निर्दयी माता' हे शब्द ठरलेले असतात. समितीचा पत्ता आणि १०९८ मात्र त्या बातमीखाली छापलेला क्वचितच दिसतो. बाळंतपणानंतर मनाचा तोल गेलेल्या आईसाठी इंग्लंडने १९२२ आणि १९३८ मध्ये अर्भकहत्येचा वेगळा, सौम्य गुन्हा कायद्यात आणला. आपल्याकडे तसा वेगळा गुन्हा आजही नाही, आणि तो असावा की नसावा यावर वाद घालणं आरोपी बाईच्या चेहऱ्यावर वाद घालण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचं होईल. आणि त्या बातमीच्या शेवटी असतं, 'अज्ञात मातेविरुद्ध गुन्हा दाखल'. ताराबाईंना जाऊन शतक लोटलं; अज्ञात पित्याचा शोध सुरू झाल्याची बातमी अजून कुठे वाचायला मिळते? पोलीस ठाण्यांतून ती लिहिली जावी आणि संपादकांनी ती मागावी, एवढा आग्रह तरी आपण वाचक म्हणून धरायलाच हवा.